वायपरचा गुन्हा, खेळांना शिक्षा

मोटारीच्या पडद्यावर खेळ आणि सिनेमे आले, आणि त्यांच्यामागोमाग एक तक्रारही आली. गाडी बनवणाऱ्या कंपन्या आपले हुशार अभियंते करमणुकीच्या कामाला जुंपतात, म्हणून गाडीचे कामाचे सॉफ्टवेअर मागे पडते, अशी ती तक्रार. पावसाची सर आली की वायपर वेळेवर हलत नाहीत, कोरड्या काचेवर मात्र करकरत फिरतात; गाडी स्वतः पार्क होताना अडखळते; आणि कंपनी दर नाताळाला एक नवा खेळ पाठवून मोकळी होते. तक्रार इतकी सरळ आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मला वाटते. चुकीचे निदान झाले की औषधही चुकीचेच दिले जाते, आणि इथे रोगी रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने धावत असतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. आरोपीच्या पिंजऱ्यात प्रामुख्याने टेस्ला उभी केली जाते, आणि ते रास्तच आहे. हा प्रकार इतक्या थाटात आधी कोणी केला नव्हता. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या तिच्या सॉफ्टवेअरच्या नवव्या आवृत्तीत अटारीचे जुने खेळ होते. त्याच डिसेंबरात सीटवरून पादल्याचा आवाज काढण्याची सोय आली. (वाचकांनी दचकू नये, अब्जावधी डॉलर किमतीच्या कंपनीने हे खरोखर केले आहे.) २०१९ च्या सप्टेंबरात दहावी आवृत्ती आली. तिच्यात नेटफ्लिक्स, यूट्यूब, गाडीत बसून गाणी म्हणण्यासाठी कॅराओके आणि ‘कपहेड’ हा खेळ होता. आता दुसरी बाजू पाहा. २०१६ च्या अखेरीस नवे कॅमेरे बसवून विकलेल्या याच कंपनीच्या गाड्यांना पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर मिळाले २०१७ संपता संपता, आणि तेही ‘चाचणी आवृत्ती’ अशी पाटी लावून. साध्यासुध्या गाड्यांत हीच सोय त्याआधी कित्येक वर्षे विनातक्रार चालत होती. दोन चित्रे शेजारी ठेवली की निष्कर्ष आपसूक निघाल्यासारखा वाटतो.

या पक्षाचे म्हणणे केवळ चिडीचे नाही. त्यामागे युक्तिवाद आहेत. अभियंत्यांची संख्या आणि त्यांचा वेळ मर्यादित असतो. एकीकडे गेलेला तास दुसरीकडून वजा होतो. कंपनी काय आधी पाठवते यावरून तिला काय महत्त्वाचे वाटते ते कळते. प्रत्येक नव्या सोयीबरोबर गुंतागुंत वाढते आणि गुंतागुंतीबरोबर बिघाड. आणि करमणुकीसाठी गाडी बाहेरच्या जगाशी जोडली की घुसखोरांना दार उघडते. चारही मुद्दे ऐकताना खरे वाटतात, आणि शेवटच्या दोहोंत तथ्यही आहे. पण तथ्य असणे निराळे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष टिकणे निराळे.

कार्यकारणभाव तपासायची आपल्याकडची जुनी कसोटी अन्वय-व्यतिरेकाची. कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे आणि कारण नसेल तिथे कार्यही दिसता कामा नये. खेळांमुळे कामाचे सॉफ्टवेअर मागे पडत असेल, तर ज्या कंपनीने खेळांच्या वाटेला जायचेच टाळले, तिचे सॉफ्टवेअर तरी ठणठणीत असायला हवे.

फोक्सवॅगनकडे पाहू. या कंपनीवर थिल्लरपणाचा आरोप तिचे शत्रूही करणार नाहीत. तिची आयडी.३ ही विजेवरची गाडी २०१९ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात झळकली. ग्राहकांच्या हाती ती पडायला २०२० चा सप्टेंबर उजाडला, आणि पहिल्या खेपेच्या गाड्या काही सोयी नंतर सॉफ्टवेअरमधून देऊ या बोलीवर दिल्या गेल्या. समूहाचे सारे सॉफ्टवेअर एका छताखाली आणण्यासाठी जी कंपनी काढली, ती पुढे कॅरिॲड या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची रखडपट्टी इतकी झाली की विजेवरची पोर्शे मकान आणि आउडी क्यू६ ई-ट्रॉन या दोन्ही गाड्या लांबणीवर पडल्या. २०२२ च्या जुलैत समूहाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांना मुदतीआधी पायउतार व्हावे लागले, आणि त्यामागच्या कारणांत या रखडपट्टीचे नाव सर्वत्र घेतले गेले. अखेर २०२४ च्या जूनमध्ये या जर्मन महाकाय समूहाने अमेरिकेतल्या रिव्हियन या नवख्या कंपनीत पाच अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. हवे होते तिचे सॉफ्टवेअर आणि त्यामागची विद्युत रचना. या सगळ्या कहाणीत खेळ कुठे आहेत? पादण्याचे आवाज कुठे आहेत? कुठेही नाहीत.

एकच उदाहरण पुरेसे नाही असे कोणी म्हणेल. जनरल मोटर्सला २०२३ च्या डिसेंबरात आपल्या शेव्हरोले ब्लेझर या विजेवरच्या गाडीची विक्री सॉफ्टवेअरच्या बिघाडांमुळे थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. सुरक्षिततेसाठी जगभर नावाजलेल्या व्होल्वोची ईएक्स९० सॉफ्टवेअरपायी लांबणीवर पडली, आणि २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्या कपाळावर मिरवणारा लायडार सेन्सर काम करत नव्हता. या दोन कंपन्यांना खेळण्यांसाठी कोणी ओळखत नाही.

म्हणजे कारण नाही, कार्य मात्र आहे. व्यतिरेक फसला. अन्वय तरी टिकतो का? टेस्लाकडे खेळ आहेत. तिचे कामाचे सॉफ्टवेअर हलत नाही असे म्हणता येते का? २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने मॉडेल ३ चे ब्रेक तपासले. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीने १५२ फूट घेतले. या वर्गातल्या गाडीला हे अंतर फारच मोठे, म्हणून संस्थेने शिफारस नाकारली. काही दिवसांत कंपनीने ब्रेकच्या नियंत्रणाचे नवे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून गाड्यांना पाठवले. पुन्हा मोजले तेव्हा अंतर १३३ फुटांवर आले होते. एकोणीस फूट! पादचाऱ्याच्या दृष्टीने हे अंतर जगण्या-मरण्याचे असू शकते. हे ज्या वर्षी घडले, त्याच वर्षी अटारीचे खेळ आले. अटारी ज्या आवृत्तीतून आली, त्याच आवृत्तीतून गाडीच्या कॅमेऱ्यांनी समोरचा रस्ता चित्रित करून ठेवण्याची सोयही आली, जी अपघातानंतर पुरावा म्हणून कामी येते. खेळ आणि काम एकाच टपालाने आले. मग एकाने दुसऱ्याची वाट अडवली, हे कशावरून?

दोन गोष्टी एका वेळी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरवणे, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. पूर्वपक्षाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

आता वायपरच घेऊ, कारण फिर्यादीचा मुख्य साक्षीदार तोच. पाऊस ओळखणारा नेहमीचा सेन्सर समोरच्या काचेला आतून, आरशामागे चिकटवलेला असतो. तो काचेत तिरका अवरक्त प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचे पूर्ण अंतर्गत परावर्तन होते आणि जवळपास सगळा प्रकाश सेन्सरकडे परततो. थेंब पडला की तेवढ्या जागी प्रकाश पाण्यातून बाहेर निसटतो आणि परतणारा प्रकाश घटतो. जितकी घट, तितका पाऊस. बारावीच्या भौतिकशास्त्राचा हा धडा, आणि भाग स्वस्तातला. टेस्लाने तो काढून टाकला. पाऊस ओळखायचे काम तिने कॅमेऱ्यांवर सोपवले. हे कॅमेरे बसवले होते दूरचा रस्ता पाहण्यासाठी. त्यांचा फोकस दूरवर, आणि थेंब तर भिंगापुढे काही सेंटिमीटरवर, काचेवर. त्यांना तो दिसतो अंधूक डागासारखा. त्या डागाला पाऊस म्हणायचे, धूळ म्हणायची, समोरून येणाऱ्या दिव्याची तिरीप म्हणायची, की पक्ष्याची शिट, हे ठरवायला मग एक न्यूरल नेटवर्क शिकवावे लागते. काही पैशांचा भाग वाचवला आणि एक सोपा प्रश्न कठीण करून ठेवला. पुढची सगळी वर्षे त्या कठीण प्रश्नाशी झटापट करण्यात गेली. ‘कपहेड’चा इथे संबंध काय?

बरे, वायपरचे हे काम होते कोणाचे? कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून जग ओळखणारा जो विभाग, त्याचे. तो विभाग या काळात काय करत होता? ‘पूर्ण स्वयंचलन’ नावाची गोष्ट उभी करत होता. कंपनीने ती २०१६ पासून आगाऊ पैसे घेऊन विकली होती. निवडक ग्राहकांना तिची चाचणी आवृत्ती २०२० च्या ऑक्टोबरात मिळाली, आणि २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत तिची किंमत १५,००० डॉलरवर गेली. आता वाचकांनीच न्याय करावा. ज्या विभागाच्या डोक्यावर पंधरा हजार डॉलरच्या वचनाचे ओझे आहे, तो वायपरला कितवा क्रमांक देईल? वायपरने एकही जास्तीची गाडी विकली जात नाही. त्याचा खरा प्रतिस्पर्धी पडद्यावरचा खेळ कधीच नव्हता. त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्यांवर चाललेले स्वयंचलनाचे स्वप्न हा त्याचा प्रतिस्पर्धी. पण स्वयंचलन हा शब्द गंभीर आणि भविष्यवेधी, खेळ उथळ. म्हणून बोट खेळाकडे जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली सवय तशी जुनीच.

वायपर हा अपवाद असता तरी एक वेळ चालले असते. पण पार्किंगची कथाही तीच. २०२२ च्या ऑक्टोबरात टेस्लाने नव्या गाड्यांच्या बंपरांमधले बारा अल्ट्रासॉनिक सेन्सर काढायला सुरुवात केली. परिणाम असा की त्या गाड्यांना भिंत किती जवळ आली हे सांगता येईना आणि आपोआप पार्क होता येईना. या सोयी काही काळ मिळणार नाहीत, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. अंतर सांगण्याची सोय कॅमेऱ्यांवर परतली पुढच्या वसंतात. आपोआप पार्किंग परतायला २०२४ उजाडले. त्याआधी २०२१ च्या मेमध्ये रडार काढले, तेव्हा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने आपल्या संकेतस्थळावर त्या गाड्यांच्या काही सुरक्षा-सोयींपुढच्या खुणा पुसल्या आणि ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने मॉडेल ३ चा ‘टॉप पिक’ हा किताब काही काळ मागे घेतला. तिन्ही वेळा घटनाक्रम एकच: आधी वस्तू काढली, मग तिचे काम सॉफ्टवेअरवर ढकलले, आणि सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत ग्राहक सोयीविना राहिला. खेळांचे सगळे अभियंते या कामावर आणून बसवले असते तरी काढलेले सेन्सर परत आले नसते.

आणि ते अभियंते या कामावर बसवता तरी आले असते का? इथे आपण पूर्वपक्षाच्या पहिल्या मुद्द्याच्या मुळाशी येतो. एकीकडे गेलेला तास दुसरीकडून वजा होतो, हे गृहीत धरायला अभियंते अदलाबदलीचे हवेत. ते तसे नसतात. मोटारीत एक संगणक नसतो, डझनावारी असतात. ब्रेक, सुकाणू, हवेच्या पिशव्या, बॅटरी, दिवे यांचे छोटे नियंत्रक वेगळे, आणि मधला पडदा चालवणारा मोठा संगणक वेगळा. पडद्याचा संगणक आपल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या जातीचा. त्यावर लिनक्स किंवा अँड्रॉइड चालते, आणि तो क्षणभर अडखळला तर माणूस फार तर वैतागतो. ब्रेकच्या नियंत्रकाला प्रत्येक काम ठरलेल्या मिलिसेकंदात पुरे करावेच लागते. त्याचे सॉफ्टवेअर आयएसओ २६२६२ या मानकाखाली येते. २०११ मध्ये आलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या या मानकात धोक्याच्या ए ते डी अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर प्रत्येक ओळ कोणत्या गरजेतून आली आणि कोणत्या चाचणीतून तावून सुलाखून निघाली, याचा कागद लागतो. वेळ लिहिण्यात जात नाही. सिद्ध करण्यात जातो. आणि बहुतेक कंपन्यांत हे नियंत्रक, सॉफ्टवेअरसकट, बॉश, झेडएफ अशा पुरवठादारांकडून येतात. ज्याला खेळाच्या पात्राची उडी गुळगुळीत करता येते, त्याला तुम्ही कुठल्या टेबलावर, कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत नेऊन बसवणार?

पुण्याच्या वाचकांना हे सांगायला नको. हिंजवडीत केपीआयटीसारख्या कंपन्यांमध्ये मोटारीचे सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो हात आहेत. पडद्याचे काम करणारा आणि बॅटरीच्या नियंत्रणाचे काम करणारा एकाच कँटीनमध्ये चहा पितात, पण एकमेकांची कामे अदलाबदलीने करू शकत नाहीत. कोणाच्याही घरात असा एखादा भाचा किंवा सून असेल. त्यांना विचारून पाहावे.

समजा, अदलाबदल जमली. तरी काम लवकर होईल का? फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकाच्या सॉफ्टवेअरचा प्रचंड प्रकल्प चालवला आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. त्यातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष असा की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर-प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याचा खर्च फुगतो. सॉफ्टवेअरच्या जगात हा निष्कर्ष पन्नास वर्षे सांगितला जातो आहे. वायपरच्या तक्रारीत मात्र तो कोणाला आठवत नाही.

शिवाय खेळ लिहिले कोणी? ‘कपहेड’ लिहिला स्टुडिओ एमडीएचआर या कॅनडातल्या संस्थेने. ‘बीच बगी रेसिंग २’ व्हेक्टर युनिटचा. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा तर एरिक बरोन या एकट्या माणसाने कित्येक वर्षे खपून घडवलेला खेळ. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांच्याबद्दल काय सांगावे? गाडीच्या कंपनीने केले ते तयार खेळ आपल्या पडद्यावर आणि सुकाणूच्या बटणांवर चालतील असे बसवण्याचे काम. ते शून्य नाही, हे मान्य. पण दुसऱ्याने शिजवलेले ताटात वाढायला लागलेल्या वेळाचा हिशेब स्वयंपाकाच्या दराने मांडणे हा न्याय नव्हे.

दुसरा मुद्दा अग्रक्रमाचा: कंपनी जे आधी पाठवते तेच तिला प्रिय. यात गफलत अशी की जे लवकर तयार होते ते आधी येते. खेळ बिघडला तर खेळणाऱ्याचे गुण जातात. ब्रेक बिघडला तर प्राण. म्हणून खेळाची तपासणी दिवसांत उरकते आणि ब्रेकची महिन्यांत. क्रम तपासणीने ठरतो. त्यावरून मनातला अग्रक्रम वाचणे ही घाई आहे. आणि ‘कामाचे’ म्हणजे तरी काय? २०१९ च्या फेब्रुवारीत टेस्लाने कुत्र्यासाठी एक सोय दिली. मालक खाली उतरला तरी गाडीतला गारवा चालू राहतो आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आतले तापमान झळकते, म्हणजे येणारे-जाणारे घाबरून काच फोडत नाहीत. ही करमणूक की काम? विजेवरच्या गाडीत बसलेला माणूस जलद चार्जरवर वीस-तीस मिनिटे थांबतो, पेट्रोल पंपावर इतके कोणी थांबत नाही. त्या वेळात मागे बसलेली पोरे शांत राहणे हे कामाचे नाही, असे ज्याला वाटते त्याने एकदा पोरांसह थांबून पाहावे.

आता ज्या मुद्द्यांत तथ्य आहे ते. करमणुकीने नुकसान केलेच नाही, असे मी म्हणत नाही. ते खोटे ठरेल. टेस्लाने २०२० च्या डिसेंबरापासून गाडी चालू असताना शेजारच्या प्रवाशाला खेळ खेळू दिला. चालकाच्या नजरेच्या टप्प्यात! २०२१ च्या डिसेंबरात सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांबाबत सरकारी चौकशी सुरू झाली आणि लगेच कंपनीने ती सोय बंद करायचे कबूल केले. २०२२ च्या फेब्रुवारीत जवळपास तितक्याच गाड्यांना आणखी एक दुरुस्ती घ्यावी लागली. बाहेरच्या स्पीकरवरून हवे ते आवाज वाजवण्याच्या सोयीमुळे विजेच्या मूक गाडीने पादचाऱ्यांना द्यायचा इशारा झाकला जाऊ शकत होता, म्हणून. दोन्ही निर्णय बेजबाबदार होते आणि कंपनीला सुनावले गेले ते योग्यच. पण आरोप कोणता ते पाहावे. हा आरोप चालकाचे आणि पादचाऱ्याचे लक्ष विचलित केल्याचा आहे, अभियंत्यांचे नव्हे. एका गुन्ह्याचा पुरावा दुसऱ्या गुन्ह्याच्या खटल्यात वापरता येत नाही.

गुंतागुंतीचा मुद्दा पडद्याच्या संगणकाबाबत खरा ठरला आहे, पण फिर्यादीला हवा तसा नव्हे. २०२१ च्या फेब्रुवारीत टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. त्यांच्या पडद्यामागच्या संगणकात ८ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर लिहिण्या-पुसण्याची फेरी ठरावीक वेळाच होऊ शकते. या चिपची मर्यादा सुमारे ३,००० फेऱ्यांची. संगणक सतत स्वतःच्या नोंदी लिहीत राहिला आणि पाच-सहा वर्षांत मेमरी झिजली. पडदा काळा पडला, आणि त्याच्याबरोबर मागचा कॅमेरा गेला, काचेवरचे धुके घालवण्याचे नियंत्रण गेले, वळण्याच्या दिव्याची टिकटिकही गेली. मेमरी झिजवली नोंदींनी. आणि खरा दोष त्याहून खोलवर: इतकी महत्त्वाची कामे एकाच पडद्यावर का टांगली?

घुसखोरीबद्दल फिर्यादी २०१५ चे जीप प्रकरण पुढे करील, आणि करायलाच हवे. चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक या दोन संशोधकांनी मोबाइल नेटवर्कवरून जीप चेरोकीच्या पडद्याच्या संगणकात शिरून तिथून गाडीच्या नियंत्रकांपर्यंत मजल मारली. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या पडद्यावर कोणताही खेळ नव्हता. होता तो मोबाइलचा रेडिओ, आणि पडदा व इंजिन यांच्यामधली कच्ची भिंत. भिंत पक्की करा, हा त्यातला धडा. रेडिओवर गाणी लावू नका, हा नव्हे.

सगळ्या पुराव्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो जर्मनीतला खटला. २०१९ मध्ये भर पावसात एका टेस्लाचालकाने वायपरचा वेग बदलण्यासाठी पडद्याला हात लावला. त्या मॉडेलमध्ये वेग बदलण्याची सोय पडद्यावरच होती. नजर रस्त्यावरून हटली, गाडी रस्ता सोडून गेली. कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा २०० युरोचा दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. शिक्षा चालकाला झाली. दांडा काढून पडदा बसवणारे मोकळे राहिले. तरी उपाय कुठे आहे हे त्यातून स्वच्छ दिसते. युरो एनकॅप या सुरक्षा-मूल्यमापन संस्थेने २०२६ पासून वळण्याचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी स्वतंत्र, हाताला लागणारी नियंत्रणे असतील तरच पूर्ण गुण द्यायचे ठरवले. संस्थेने खेळांवर बंदी मागितली नाही. बटणे मागितली. टेस्लानेही २०२३ च्या नव्या मॉडेल ३ मधून काढलेला वळण्याच्या दिव्याचा दांडा २०२५ च्या नव्या मॉडेल वाय मध्ये ठेवला.

हा वाद आता दूरचा राहिलेला नाही. टेस्लाचे भारतातले पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. त्याआधीच, २०२४ च्या नोव्हेंबरात, महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या आणल्या. एक्सईव्ही ९ई मध्ये डॅशबोर्डभर तीन पडदे आहेत, डॉल्बी ॲटमॉस आहे, आणि गाडीचे आवाज ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतलेले. इथेही तोच सूर लागणार: रहमानवर खर्च केला तो ब्रेकवर करायचा होता. हा सूर लावण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की रहमान यांनी चाल बांधली नसती तर त्यांनी ब्रेकचे सॉफ्टवेअर लिहिले नसते.

निकाल वाचकांनी द्यायचा आहे. माझी मागणी एवढीच. चाकण असो की टेक्सास, कंपनीला धारेवर धरा. पण खेळ का दिले, हे विचारून ती सहज सुटते. पुढच्या नाताळाला एक खेळ कमी देईल आणि टाळ्या घेईल. त्याऐवजी विचारा, कोणता सेन्सर काढला, किती पैसे वाचवले, आणि त्याचे काम सॉफ्टवेअर करू लागेपर्यंत ग्राहकाने काय करायचे. आपल्याकडेही २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅपचे मूल्यमापन सुरू झाले आहे. त्यात वायपर आणि धोक्याचे दिवे यांच्या हाताला लागणाऱ्या बटणांना गुण द्यावेत, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि पुण्याच्या अभियंत्यांनी मिळून लावून धरावी. आणि नवी गाडी पाहायला दालनात गेलात, तर विक्रेता पडद्यावर सिनेमा लावील तेव्हा त्याला अडवू नका. पाहून झाला की वायपरचा वेग कुठून बदलायचा ते दाखवायला सांगा.